डेंग्यूचा डास आणि घरातलं पाणी : सव्वाशे वर्षांच्या लढाईची गोष्ट

जुलै उजाडला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न रोज ऐकू येतो. तापाने फणफणलेल्या मुलाला घेऊन आलेले आईवडील प्लेटलेट्सचा रिपोर्ट पुढे करतात आणि विचारतात, "डॉक्टर, आमच्याकडे धूर फवारणी कधी होणार?" गेल्या पावसाळ्यात एका सोसायटीतून दहा-बारा दिवसांत पाच रुग्ण आले. पाचही जणांच्या बोलण्यात तक्रार एकच होती, की फवारणीवाले वेळेवर येत नाहीत. मी त्यांना म्हटलं, "फवारणी होईल तेव्हा होईल. पण घरातलं साठवलेलं पाणी पाहिलंत का?" सगळ्यांनी मान हलवली. घर स्वच्छ आहे, कुठे पाणी साचलेलं नाही.

त्याच संध्याकाळी माझ्या दवाखान्यातल्या मावशींनी मला हाक मारली. प्रतीक्षाकक्षात कोपऱ्यात मनी प्लांटची काचेची बरणी आहे. तिच्या पाण्यात बारीक बारीक अळ्या वळवळत होत्या. ज्या खोलीत बसून मी लोकांना डासांबद्दल सांगत होतो, त्याच्या दाराशीच डासांची पैदास चालू होती! तेव्हापासून मी या विषयावर बोलताना आवाज जरा खाली ठेवतो.

आज आपण डेंग्यूची लक्षणं, चाचण्या किंवा उपचार यांबद्दल बोलणार नाही. आज इतिहास पाहू. हा डास जगातल्या मोठ्या शहरांतून एकदा खरोखर हद्दपार झाला होता. तो कसा गेला आणि परत कसा आला, हे समजलं तर आपल्या घरात नेमकं काय करायचं ते आपोआप कळतं.

आधी शत्रूची ओळख

डेंग्यू पसरवणारा मुख्य डास म्हणजे एडिस इजिप्ती. काळा रंग, पायांवर आणि अंगावर पांढरे पट्टे. हाच डास चिकुनगुन्या, झिका आणि पीतज्वरही पसरवतो. आपल्याकडे पीतज्वर नाही, पण हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढची अर्धी गोष्ट पीतज्वराचीच आहे.

या डासाच्या सवयी मलेरियाच्या डासापेक्षा वेगळ्या आहेत. तो दिवसा चावतो. त्याला गटार किंवा डबकं फारसं आवडत नाही, त्याला लागतं माणसाने साठवलेलं स्वच्छ पाणी. पिंप, हौद, माठ, कूलर, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचा टायर, काहीही चालतं. जन्मला त्या जागेपासून तो सहसा शे-दोनशे मीटरपेक्षा लांब जात नाही. म्हणजे तुम्हाला चावलेला डास बहुधा तुमच्याच घरात किंवा शेजाऱ्याच्या घरात जन्मलेला असतो.

मादी अंडी घालते ती भांड्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर. ही अंडी कोरडी पडली तरी मरत नाहीत, काही महिने तशीच चिकटून राहतात. पाणी पुन्हा वर चढलं की त्यांतून अळ्या बाहेर येतात. अळी, मग कोष आणि मग डास हा प्रवास आपल्या हवामानात साधारण सात ते दहा दिवसांत पूर्ण होतो. हे दोन मुद्दे, चिकटून राहणारी अंडी आणि आठवड्याभराचं चक्र, पुढे वारंवार येतील.

हवाना : शहर चकाचक झालं, तरी ताप वाढला

क्युबाची राजधानी हवाना. पीतज्वर तिथे वर्षानुवर्षं ठाण मांडून होता. कार्लोस फिनले नावाच्या तिथल्याच डॉक्टरने १४ ऑगस्ट १८८१ रोजी हवानाच्या विज्ञान अकादमीत एक निबंध वाचला. त्यांचं म्हणणं होतं की पीतज्वर एका विशिष्ट डासामुळे एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि तो डास त्यांनी बरोबर ओळखलाही होता. पण रोग घाणीतून, दूषित हवेतून, रोग्याच्या कपड्यांतून पसरतात असं मानण्याचा तो काळ होता. जवळजवळ वीस वर्षं फिनलेंचं कुणी मनावर घेतलं नाही.

१८९८च्या युद्धानंतर क्युबा अमेरिकी लष्कराच्या ताब्यात आलं. हवानाच्या आरोग्याची जबाबदारी विल्यम गॉर्गस या लष्करी डॉक्टरकडे आली. त्यांनी तेव्हाच्या समजुतीप्रमाणे शहर घासूनपुसून स्वच्छ केलं. रस्ते धुतले, कचरा उचलला, घाण हटवली. त्याचा फायदा झाला आणि शहरातले एकूण मृत्यू कमी झाले. पण पीतज्वर मात्र १९०० साली उलट वाढला. स्वच्छ, चांगल्या वस्तीतही लोक मरत होते. याचं कारण आज आपल्याला सहज कळतं. या डासाचा घाणीशी संबंधच नव्हता.

त्याच वर्षी वॉल्टर रीड यांच्या नेतृत्वाखाली चार डॉक्टरांचं मंडळ हवानाला आलं. फिनलेंनी त्यांना स्वतःकडची डासांची अंडी दिली. मंडळातले जेम्स कॅरल यांनी मुद्दाम डास चावून घेतला. ते गंभीर आजारी पडले, पण वाचले. दुसरे सदस्य जेसी लाझिअर यांनाही डास चावला आणि २५ सप्टेंबर १९०० रोजी वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते गेले. पुढच्या काटेकोर प्रयोगांतून सिद्ध झालं की रोग्याच्या घाणेरड्या अंथरुणावर झोपून पीतज्वर होत नाही, डास चावल्याने होतो. फिनलेंचंच खरं ठरलं.

आता गॉर्गसनी काम बदललं. फेब्रुवारी १९०१ पासून त्यांची माणसं रस्त्यांऐवजी घरांत जाऊ लागली. हवानात नळाचं पाणी अनेक घरांत नव्हतं, लोक पिंपांत आणि टाक्यांत पाणी साठवायचे. या पिंपांवर झाकणं बसवली गेली, वरच्या भोकाला जाळी आणि खाली पाणी घ्यायला तोटी. जिथे झाकण शक्य नाही तिथे पाण्यावर तेलाचा थर. घरात अळ्या सापडल्या तर मालकाला दंड. रोग्याला जाळीच्या खोलीत ठेवायचं, आणि त्याचं घर बंद करून आत गंधक किंवा पायरेथ्रमची धुरी द्यायची. ही धुरी बंद खोलीत असायची, कारण हा डास घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसतो हे त्यांनी हेरलं होतं. आज उघड्या रस्त्यावरून जाणाऱ्या धुराच्या यंत्रापेक्षा ही पद्धत बरीच वेगळी होती.

सप्टेंबर १९०१ मध्ये हवानातल्या पीतज्वराच्या साथीचा शेवटचा रुग्ण नोंदवला गेला. ना लस होती, ना औषध, ना डीडीटी. वर्षानुवर्षांचा रोग साधारण सात-आठ महिन्यांत थांबला, तो मुख्यतः झाकण, जाळी, तेल आणि घरोघरच्या तपासणीने. पुढे पनामा कालव्याच्या कामावर गॉर्गसनी हेच केलं आणि तिथला पीतज्वरही संपला.

इथे डेंग्यू कुठे आला, असं तुम्ही विचाराल. १९०६ मध्ये ऑस्ट्रेलियात थॉमस बॅनक्रॉफ्ट यांनी दाखवलं की डेंग्यूही याच एडिस डासामुळे पसरत असावा, आणि पुढच्या प्रयोगांनी ते पक्कं झालं. म्हणजे पीतज्वरासाठी केलेली प्रत्येक तपासणी नकळत डेंग्यूविरुद्धचीही होती.

रिओ : दार ठोठावणारी माणसं आणि चिडलेले लोक

१९०३ मध्ये ब्राझीलची तेव्हाची राजधानी रिओ दि जानेरो इथे ओस्वाल्दो क्रूझ या तिशीतल्या डॉक्टरकडे आरोग्यखातं आलं. त्यांनीही डास मारणाऱ्यांची पथकं घरोघर पाठवली. पथकं गच्चीवर चढायची, पन्हळी तपासायची, टाक्या उपसायची. परवानगी मागण्यापेक्षा हुकूम सोडण्यावर भर जास्त होता. वर्तमानपत्रांनी क्रूझ यांच्यावर व्यंगचित्रांचा भडिमार केला.

त्यातच शहराच्या सुधारणेसाठी गरिबांची घरं पाडली जात होती. नोव्हेंबर १९०४ मध्ये देवीच्या लसीची सक्ती करणारा कायदा आला आणि लोकांचा संताप रस्त्यावर उतरला. ट्राम उलटवल्या, अडथळे उभारले, गोळीबार झाला, माणसं मेली. ब्राझीलच्या इतिहासात हा 'लसीचा उठाव' म्हणून ओळखला जातो. निमित्त लसीचं होतं, पण सरकारी माणूस न विचारता घरात शिरतो हा रागही त्यामागे होताच.

डासांविरुद्धचं काम मात्र यशस्वी झालं. १९०८ पासून रिओत पीतज्वर दिसेनासा झाला. मग काय झालं? रोग गेला म्हणताना तपासणी सैल पडली. वीस वर्षांनी, १९२८ मध्ये, पीतज्वर रिओत परत आला. डास शहरातून पूर्ण गेलेलेच नव्हते. त्यांच्यावरची नजर हटताच ते वाढले.

फ्रेड सोपर : आठवड्याचं वेळापत्रक

या टप्प्यावर फ्रेड सोपर हे अमेरिकी डॉक्टर गोष्टीत येतात. रॉकफेलर फाउंडेशनतर्फे ते ब्राझीलमध्ये होते आणि १९३० पासून तिथल्या पीतज्वर मोहिमेचे प्रमुख झाले. सोपर यांनी नवीन औषध शोधलं नाही. त्यांनी तपासणी कशी करायची याची पद्धत बसवली.

शहराचे नकाशे काढले. प्रत्येक निरीक्षकाला ठरावीक घरं वाटून दिली. डासाचं चक्र आठवड्याहून थोडं मोठं असतं, म्हणून फेरी आठवड्याची ठेवली. अळीचा डास होण्याआधी माणूस तिथे पोचलाच पाहिजे, हा हिशेब. निरीक्षक अमुक वाजता अमुक ठिकाणी असला पाहिजे हे लिहून ठेवलेलं असे, आणि त्याच्या मागोमाग पर्यवेक्षक येऊन तीच घरं पुन्हा तपासत असे. निरीक्षकाला जे दिसलं नाही ते पर्यवेक्षकाला दिसलं तर निरीक्षकाची खैर नव्हती.

सोपर यांच्या शिस्तीचा एक किस्सा सांगितला जातो. एका दारूगोळ्याच्या कोठारात मोठा स्फोट झाला. वेळापत्रकानुसार त्या क्षणी त्यांचा एक निरीक्षक तिथे असायला हवा होता. सोपर यांनी त्याच्या पत्नीला सांत्वनाचा निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशी तो माणूस धडधाकट कामावर हजर झाला, आणि वेळेवर जागेवर नव्हता म्हणून त्याची नोकरी गेली!

आणखी एक युक्ती होती, आणि ती मला आपल्या सोसायट्यांसाठी फार मोलाची वाटते. अळ्या सापडत नाहीत, पण डास तर दिसतात, अशा ठिकाणी वेगळं पथक जाई. ते घरातले उडणारे डास पकडत. ज्या भागात डास जास्त, तिथे जवळच कुठेतरी लपलेला उगम आहे असं धरून तो सापडेपर्यंत शोध चाले. छपराची पन्हळ, विसरलेली टाकी, जिथे कुणी वर्षभर डोकावलेलं नाही अशी जागा. असा एक लपलेला उगम आसपासच्या सगळ्या भांड्यांना डास पुरवत राहतो. तो सापडला की बाकीची भांडी आपोआप रिकामी होत.

साधारण १९३३-३४ मध्ये सोपर यांच्या लक्षात एक अनपेक्षित गोष्ट आली. काही शहरांत अळ्या 'कमी' झाल्या नव्हत्या, शून्य झाल्या होत्या. तोपर्यंत सगळे डास कमी करण्याची भाषा बोलत होते. आता तो समूळ नाहीसा करण्याची भाषा सुरू झाली.

एका खंडाचा विजय, आणि विसर

१९४७ मध्ये अमेरिका खंडातल्या देशांनी मिळून ठरवलं की एडिस इजिप्ती संपूर्ण खंडातून काढायचा. आता हाताशी डीडीटीही आलं होतं. पाण्याच्या भांड्यांच्या आत आणि भोवती ते फवारलं जाई, म्हणजे तिथे अंडी घालायला येणारी मादीही मरे. ब्राझील १९५८ मध्ये या डासापासून मुक्त जाहीर झाला. १९६२ पर्यंत खंडातले १८ देश आणि कॅरिबियनमधली काही बेटं मुक्त झाली. हे सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातल्या मोठ्या यशांपैकी एक आहे, आणि आज ते फारसं कुणाला माहीतही नाही.

मग डास परत कसा आला? कारणं अनेक आहेत, पण त्यांत गूढ काही नाही.

सगळे देश एकाच वेळी मुक्त झाले नाहीत. खुद्द अमेरिकेने स्वतःच्या दक्षिणेकडच्या राज्यांत मोहीम सुरू केली ती १९६४ मध्ये, आणि काम पूर्ण होण्याआधीच १९६९ मध्ये ती बंद केली. काही कॅरिबियन बेटांवर डास डीडीटीला दाद देईनासे झाले. मुक्त झालेल्या देशांत लोक म्हणू लागले, डासच नाहीत तर एवढी पगारी माणसं कशाला? निधी आटला, निरीक्षक कमी झाले. दुसरीकडे शहरं बेसुमार वाढत होती. नळ नसलेल्या वस्त्यांत पिंपं आली, मग प्लॅस्टिक आलं, जुन्या टायरांचा व्यापार आला. टायरमध्ये चिकटलेली कोरडी अंडी जहाजातून हजारो किलोमीटर प्रवास करून नव्या बंदरात पाऊस पडण्याची वाट पाहू शकतात.

१९७०च्या दशकात एकेक देश पुन्हा डासांनी व्यापला. त्याचा हिशेब १९८१ मध्ये क्युबाला चुकवावा लागला. फिनलेंच्याच देशात डेंग्यूची भयंकर साथ आली. ३,४४,२०३ रुग्ण आणि १५८ मृत्यू. त्यांत १०१ लहान मुलं होती. तिथे १९७७ मध्ये डेंग्यूचा एक प्रकार येऊन गेला होता, आणि १९८१ मध्ये दुसरा प्रकार आला. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकदा एक होऊन गेल्यावर दुसऱ्या प्रकाराचा संसर्ग झाला तर आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो, हे या साथीने जगाला ठळकपणे दाखवलं. ज्यांना "एकदा होऊन गेला, आता काय भीती?" असं वाटतं, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

सिंगापूर : कायदाही हवा, पण तेवढा पुरत नाही

आशियात सगळ्यात शिस्तबद्ध प्रयत्न सिंगापूरने केला. १९६०च्या दशकात तिथे मुलांमध्ये गंभीर डेंग्यू दिसू लागला. घरोघर पाहणी झाली, १९६८ मध्ये कायदा झाला. घरात किंवा बांधकामावर डासांची पैदास सापडली तर दंड. त्याचबरोबर वस्त्या हलवून नळाचं पाणी असलेली घरं देण्यात आली. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून शंभरांपैकी फार तर दोन घरांत अळ्या सापडतील इतकं प्रमाण खाली आलं, आणि साधारण पंधरा वर्षं डेंग्यू आटोक्यात राहिला.

तरीही १९९०च्या दशकापासून रुग्ण वाढू लागले आणि २००५ मध्ये १४ हजारांहून जास्त रुग्ण झाले. अभ्यासकांनी तीन मुख्य कारणं मांडली. पहिलं, एक अख्खी पिढी डेंग्यू न होता वाढली, त्यामुळे अंगात प्रतिकारशक्ती नव्हती आणि थोडे डासही साथ पसरवायला पुरेसे ठरले. दुसरं, घरं स्वच्छ झाली, पण लोकांना डास चावत होते शाळेत, कचेरीत, बांधकामावर. तिसरं कारण आपल्या ओळखीचं आहे. रुग्ण सापडला की तिकडे धावायचं, या पद्धतीवर भर वाढला होता. रुग्ण नसतानाही अळ्या शोधत राहण्याचं कंटाळवाणं काम मागे पडलं होतं.

मी हे सांगतो ते सिंगापूरचं अपयश दाखवायला नाही. तिथे एवढं करूनही हा डास दबा धरून राहतो, मग आपण वर्षातून एकदा पावसाळ्यात जागे होऊन काय होणार?

मुंबईच्या विहिरी

आता जरा आपल्याकडे येऊ. डास वेगळा आहे, मलेरियाचा, पण प्रश्न तोच आहे : घराच्या आवारातलं पाणी.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत मलेरिया खूप होता. सी. ए. बेंटली यांनी त्याचा तपास केला आणि त्यांचा अहवाल १९११ मध्ये आला. शहरातल्या मलेरियाचं मूळ त्यांना सापडलं ते मुख्यतः घरांच्या आवारांतल्या विहिरींत. तिथे वाढणारा ॲनोफिलिस स्टीफेन्सी हा डासही एडिससारखाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यातला. मुंबईला नळाचं पाणी विहार तलावातून १८६०पासून मिळू लागलं होतं, त्यामुळे अनेक विहिरींची रोजच्या वापराला गरज उरली नव्हती. त्या बुजवा किंवा झाका, असं महापालिका सांगू लागली.

विरोध झाला. विहीर म्हणजे लोकांना नुसतं पाणी साठवण्याचं भांडं नव्हतं. हिंदू घरांत तिची पूजा होई, पारशी कुटुंबं तिथे दिवा लावत, विहिरीत राखणदार राहतो अशी श्रद्धा होती. विहीर कायमची बंद केली तर घरावर संकट येईल, असं लोकांना मनापासून वाटत होतं. महापालिकेत अधिकारी असलेले रुस्तम मसानी यांनी या सगळ्या समजुती गोळा केल्या आणि १९१८ मध्ये विहिरींच्या लोककथांवर इंग्रजीत पुस्तकच लिहिलं. डासांच्या मोहिमेतून लोकसाहित्याचं पुस्तक निघावं, हे मुंबईतच घडू शकतं.

त्यातून निघालेला मार्ग मला फार शहाणपणाचा वाटतो. विहीर कायमची बुजवण्याऐवजी तिच्यावर बारीक जाळीचं, उघडता येणारं दार बसवायचं. श्रद्धेला वाट राहिली, डासाची वाट बंद झाली. रिओत घरात शिरून हुकूम सोडले गेले आणि भडका उडाला. इथे माणसाला काय वाटतं ते ऐकून घेतलं गेलं. आज इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीला घट्ट झाकण हवं, हा मुंबईतला नियम त्याच विचाराच्या वाटेवरचा आहे.

डेंग्यूची मोठी साथ आपल्या देशाने कोलकात्यात १९६३-६४ मध्ये पाहिली, आणि दिल्लीत १९९६ मध्ये. दिल्लीच्या त्या साथीत १०,२५२ रुग्ण आणि ४२३ मृत्यू नोंदले गेले. त्यानंतर डेंग्यू कुठल्या एका शहराचा पाहुणा राहिला नाही. आता तो आपल्या गावांतही आहे, कारण टंचाईच्या गावात चार दिवसांनी पाणी येतं आणि प्रत्येक घरात चार दिवसांचं पाणी भरून ठेवावं लागतं. अशा घराला "पाणी साठवू नका" असं सांगणं निर्दयपणाचं आहे. "साठवा, पण झाका" एवढंच सांगता येतं. आणि नियमित नळ देणं हाही डेंग्यूवरचाच उपाय आहे, हे नगरपालिकांना आपण सांगत राहायला हवं.

मग धुराचं काय?

धुराने त्या वेळी उडत असलेले आणि धुराच्या संपर्कात आलेले डास मरतात. पाण्यातल्या अळ्या, कोष आणि भांड्याला चिकटलेली अंडी यांना काही होत नाही. शिवाय हा डास पडद्यामागे, कपाटाखाली, लटकवलेल्या कपड्यांत बसतो. गाडी रस्त्यावरून जाते तेव्हा आपण खिडक्या लावून घेतो, म्हणजे डासालाही संरक्षण देतो. साथ जोरात असताना संसर्ग झालेले डास पटकन मारण्यासाठी फवारणीचा उपयोग आहे. पण अळ्या तशाच राहिल्या तर पुढच्या आठवड्यात नवे डास तयार असतात. धूर दिसतो, म्हणून काहीतरी झाल्यासारखं वाटतं. झाकण दिसत नाही, म्हणून त्याचं श्रेय त्याला मिळत नाही.

नवे उपायही येत आहेत. वोल्बाकिया नावाचा जिवाणू डासांत सोडून त्यांची विषाणू पसरवण्याची क्षमता कमी करण्याचा प्रयोग इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात झाला आणि डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी घटले. लसींवरही काम चालू आहे. हे सगळं आपल्या दारापर्यंत येईल तेव्हा येईल. तोवर जे हवानात १९०१ मध्ये चाललं, ते आजही चालतं.

घरी करायचं काय?

सोपर यांचं वेळापत्रक आपल्या घरापुरतं आणा. आठवड्यातला एक वार ठरवा. आरोग्यखातं ज्याला 'कोरडा दिवस' म्हणतं तोच. घरातल्या एकाने, शक्य तर मुलांना बरोबर घेऊन, दहा-पंधरा मिनिटं फिरायचं.

- पिंप, बादल्या, माठ, हौद रिकामे करा आणि आतल्या कडा घासा. नुसतं पाणी ओतून दिलं तर अंडी भिंतीला चिकटून राहतात. घासणं हाच त्यातला मुख्य भाग आहे.
- जे रिकामं करता येत नाही ते घट्ट झाका. झाकण नसेल तर सुती कापड ताणून बांधा. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा, ते पालिकेकडे किंवा आरोग्य केंद्रात मिळतात.
- फ्रीजच्या मागचा ट्रे, कूलरची टाकी, कुंड्यांखालच्या ताटल्या, मनी प्लांटची बरणी, पक्ष्यांचं पाणी, न वापरलेल्या संडासाची टाकी, गच्चीवरचं भंगार आणि ताडपत्रीच्या घड्या पाहा.
- घरात अळ्या नाहीत पण डास दिवसा चावतात? मग लपलेला उगम आसपास आहे. गच्ची, पन्हळ, लिफ्टचा खड्डा, बंद फ्लॅटची बाल्कनी, शेजारचं बांधकाम बघा. सोसायटीने हे मिळून करावं.
- तपासणीला आलेल्या आशाताईंना किंवा पालिकेच्या कर्मचाऱ्यांना दारातून परत पाठवू नका. "आमच्याकडे काही नाही" असं माझाही दवाखाना म्हणाला असता.

आणि ताप आला तर दोन गोष्टी विसरू नका. स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नका, आणि पोटात तीव्र दुखणं, सतत उलट्या, रक्तस्राव, खूप गळून जाणं यांपैकी काहीही दिसलं तर थांबू नका. ताप उतरतानाचे एक-दोन दिवस जास्त जपण्याचे असतात. आणि तापाच्या रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा. त्याला चावलेला डास पुढे तुमच्याच घरातल्या दुसऱ्याला चावतो.

त्या पाच रुग्णांच्या सोसायटीत नंतर तिथल्याच काही बायकांनी गच्चीवर जाऊन शोध घेतला. रंगकामानंतर पडून राहिलेल्या डब्यांची एक रांग होती, पावसाने भरलेली. सगळ्या डब्यांत अळ्या. त्यांनी डबे उपडे केले, घासून भंगारात दिले, आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळी कुणीतरी एक जण गच्चीवर चक्कर मारतो. या कामाचा फोटो काढून कुणी ग्रुपवर टाकत नाही. पण पावसाळा संपेपर्यंत त्या इमारतीतून माझ्याकडे डेंग्यूचा नवा रुग्ण आला नाही. डबे हे एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही, पण रविवारची चक्कर बंद करू नका असं मात्र मी त्यांना बजावून सांगितलं आहे. विशेषतः आता, जेव्हा कुणालाच डेंग्यू झालेला नाही.

माझ्या मनी प्लांटचं पाणी दर शनिवारी बदललं जातं. बरणी मी स्वतः घासतो.